सोनोळीच्या टेकाडाची हरकत

सोनोळीच्या जळक्या टेकाडाने स्वतःवरच्या अहवालाविरुद्ध हरकत घेतली, आणि ती मुदतीच्या आत घेतली. पुरातत्त्व कार्यालयात हरकती मीच स्वीकारते, म्हणून खात्रीने सांगते. टेकाड स्वतः आलं होतं. शिपायाने त्याला चपला बाहेर काढायला सांगितल्या, मग पाय नाहीत हे पाहून सोडून दिलं.

अंगभर काळे, तडकलेले दगड आणि कोळसा. वय साडेतीन हजार वर्षं. बसायला दोन बाकं जोडून दिली.

आमचे गर्गेसाहेब विद्वान माणूस, पण एक खोड आहे. ज्याचा उपयोग कळत नाही, त्याच्यापुढे 'धार्मिक विधी' लिहून ते मोकळे होतात. टेकाडापुढेही तेच लिहिलं होतं. अहवाल कायम झाला की लोखंडी कुंपण आणि कुलूप.

"विधीबिधी काही नव्हता हो," टेकाड म्हणालं. "लोक आंघोळीला यायचे. दगड जाळात तापवून शेजारच्या दगडी हौदात टाकायचे, पाणी कढत व्हायचं. तडकलेले दगड बाजूला फेकायचे, त्यातून माझी वाढ झाली. आता कुंपण घातलंत तर पुन्हा कोणी फिरकणार नाही. मला माणसं हवीत."

मला त्याची फार दया आली, पण शिक्का हातात धरूनच ऐकलं.

"हे झालं मत," साहेब म्हणाले. "पुरावा?"

"गुडघा दुखतोय ना तुमचा? चला."

रीतसर स्थळपाहणी ठरली. जाळ मी केला, दगड शिपायाने टाकले. पाणी सोसेल इतकं झाल्यावर साहेब पंचा नेसून हौदात उतरले आणि डोळे मिटून बसले. पाऊण तास झाला.

"साहेब, काय लिहू?" मी विचारलं.

"थांबा हो. अजून तपासतोय."

अहवाल बदलला: 'स्नानगृह. वापर चालू.' कुंपणाऐवजी कपडे वाळत घालायची दोरी मंजूर झाली. आता गावही येतं, टेकाड खुशीत असतं.

साहेब दर गुरुवारी दहाला येतात. आधी उजवा पाय, मग डावा, तोंडाने काहीतरी पुटपुटणं, तीन बुड्या. मध्ये कोणी बोललेलं त्यांना चालत नाही.

यंदाच्या नोंदीत 'सध्याचा उपयोग' या रकान्यात मी लिहिलं: धार्मिक विधी, दर गुरुवारी. टेकाडाला वाचून दाखवलं. त्याने हरकत घेतली नाही.