काळतोंड्याला वैताग देण्याचे कायदेशीर उपाय

“आणखी एक! बघ, त्या सफरचंदाच्या झाडापाशी आणखी एक!” हार्टविग ड्रोगे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडला. अंगात अजून झोपायचे कपडे होते आणि हातातल्या कपामधली निम्मी कॉफी रागाच्या भरात बशीत आली होती.

“दिसलं,” त्याची बायको गेर्लिंडे पावाला लोणी लावत म्हणाली. “ओरडल्यानं कमी होणार आहेत का?”

हार्टविगच्या लॉनवर जागोजागी काळ्या मातीचे ढीग उठले होते. जमिनीखाली बोगदे पोखरत हिंडणाऱ्या, काळ्या मखमली अंगाच्या, नावापुरते डोळे असलेल्या एका प्राण्याचा हा उद्योग. चिचुंद्रीच्या भाऊबंदांतलाच तो. नाव मोल, पण हार्टविगच्या लेखी किंमत कवडीची. हार्टविग त्याला काळतोंड्या म्हणायचा, आणि हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द झाला.

लॉन खराब झालं म्हणून एवढा त्रागा कशाला, असं कुणी म्हणेल. पण हार्टविग हा होलिंगबेकच्या नेमबाज मंडळाचा राजा होता. गेल्या उन्हाळ्यात खांबावरच्या लाकडी पक्ष्याचा शेवटचा तुकडा त्याच्या गोळीने खाली आला होता, आणि तो पाडेल तो वर्षभर मंडळाचा राजा. त्याच्या बापाने आणि आजोबाने जन्मभर नेम धरले, पण त्या पक्ष्याने त्यांना शेपूटसुद्धा दिलं नव्हतं. आता यंदाच्या नेमबाजीच्या जत्रेला सारं मंडळ बँड वाजवत राजाच्या दारी येणार, त्याच्या लॉनवर रांगेत उभं राहणार आणि मंडळाचा कर्नल सगळ्या गावासमोर त्याला सलामी देणार. ड्रोगे घराण्याच्या इतिहासात हा दिवस एकदाच यायचा होता आणि तो या काळतोंड्याने नासवायला घेतला होता.

“बंदूक कपाटात आहे,” हार्टविग दात खात म्हणाला. “अख्ख्या गावात माझ्याइतका नेम कुणाचा नाही. एक गोळी...”

“खबरदार!” कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारच्या मेख्टिल्ड ओव्हरकांपबाई गावातल्या निसर्गरक्षण समितीच्या प्रमुख होत्या आणि त्यांचे कान वटवाघळाचे होते. “ड्रोगेसाहेब, मोलाला कायद्याचं संरक्षण आहे. मारायचा नाही, पकडायचा नाही, जखमी करायचा नाही.”

“मग काय करायचं? पोसायचा?”

“त्याला हलकासा वैताग देता येतो. वैतागून तो आपण होऊन गेला तर कायद्याची हरकत नाही.”

हार्टविग कायदा मोडणारा माणूस नव्हता. उभी हयात त्याने गाडी चालवण्याची परीक्षा घेण्यात घालवली होती आणि मधल्या रेषेला चाक लागलं म्हणून सख्ख्या मेव्हण्याला नापास केलं होतं. वैताग द्यायची परवानगी आहे ना? मग वैताग म्हणजे काय असतो ते तो त्या मोलाला दाखवणार होता. गेर्लिंडे म्हणाली, या कामाला त्याच्याएवढा लायक माणूस जिल्ह्यात सापडणार नाही.

आधी त्याने आंबलेल्या ताकात बोळे भिजवून बिळाबिळात कोंबले. मोलाचं नाक तिखट असतं, त्याला वास सहन होत नाही असं म्हणतात. मोलाने सहन केला. गेर्लिंडेच्या पत्त्यांच्या मैत्रिणींना मात्र तो सहन झाला नाही. त्या नाकाला रुमाल लावून निघून गेल्या आणि जाताना केकही परत घेऊन गेल्या.

मग लसूण झाला. त्यानंतर हार्टविगने ढिगांच्या आजूबाजूला लोखंडी गज ठोकायला घेतले. जमीन हादरली की मोल पळतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो घाम गाळत घण घालत असतानाच ओव्हरकांपबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

“ड्रोगेसाहेब, दुपारची विश्रांतीची वेळ आहे. आवाजाला बंदी आहे.”

“बाई, तुम्हीच म्हणालात ना वैताग द्या म्हणून?”

“त्याला म्हणाले होते. मला नव्हे.”

हार्टविगने घण खाली टाकला. “आणि हा दुपारी खणतो ते? हा तर रविवारीसुद्धा खणतो! रविवारी मी माझ्या स्वतःच्या लॉनवर गवत कापलं तर पोलीस येतील, आणि या काळतोंड्याला सगळी मुभा! कर मी भरतो की तो?”

“त्याच्या खणण्याचा आवाज येतो का?” ओव्हरकांपबाईंनी शांतपणे विचारलं.

येत नव्हता. हार्टविगला खरी चीड आली ती याचीच.

जत्रा तोंडावर आली तेव्हा मंडळाचा कर्नल, बेर्न्ड टेरहोर्स्ट, जागेची पाहणी करायला आला. हा टेरहोर्स्ट म्हणजे धिप्पाड, मिशाळ आणि गावातला नावाजलेला खाटीक. तरुणपणी हार्टविगने त्याला गाडी उलटी घेऊन पार्क करण्यावरून तीनदा नापास केलं होतं, आणि हे तो विसरला नव्हता. त्याने लॉनवरून नजर फिरवली आणि मिशीतल्या मिशीत हसला.

“राजेसाहेब, ही जागा आहे की बटाट्याचं शेत? माझी माणसं इथं उभी राहायची नाहीत. कुणाचा पाय मुरगळला तर जबाबदार कोण?”

“मी सपाट करून देतो.”

“द्या की. नाहीतर आपण सलामी सुपरमार्केटपुढच्या पार्किंगमध्ये घेऊ.” कर्नल डोळे मिचकावत म्हणाला, “पार्किंग तर तुमच्या आवडीचं!”

तो गेला आणि हार्टविग पायरीवर बसून राहिला. ट्रॉल्यांच्या मध्ये उभं राहून सलामी घ्यायची! बापाच्या थडग्यावर फुलं ठेवायला कुठल्या तोंडाने जायचं? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून गेर्लिंडेने शेजाऱ्यांकडून जड रोलर मागून आणला आणि एक दांडा स्वतः धरला. दोघांनी माती भरून नेली, बी पेरलं, पाणी मारलं, पुन्हापुन्हा रोलर फिरवला. जत्रेच्या दिवशी सकाळी लॉन इस्त्री केल्यासारखं पडलेलं होतं. वरची माती तेवढी दाबली गेली होती. खालच्या बोगद्यांना रोलरने हातही लावला नव्हता, पण खाली बघायची सवय मोलाला, हार्टविगला नव्हती.

बँड वाजत आला. हिरव्या कोटांची रांग लॉनवर उभी राहिली. कुंपणाबाहेर गाव लोटलं होतं. गळ्यात चांदीची जड साखळी घालून हार्टविग पायरीवर उभा, शेजारी राणी गेर्लिंडे. कर्नल टेरहोर्स्ट छाती काढून, बूट आपटत पुढे आला, तलवार उचलली आणि शेवटचं पाऊल त्याने जरा जास्तच जोरात आपटलं.

टाच घोट्यापर्यंत जमिनीत गेली. तोल गेला, आणि त्या सव्वाशे किलोच्या देहाचा दुसरा गुडघा धपकन हार्टविगच्या पायाशी टेकला. हातातली तलवार मात्र सलामीतच राहिली.

बँड थांबला. हार्टविगची कानशिलं तापली. संपलं, तो मनात म्हणाला, आता जन्मभर पार्किंग.

आणि मग कुंपणाबाहेरून एक म्हातारी हुंदका देत म्हणाली, “अगं बाई, गुडघा टेकला! कर्नलनं राजापुढे गुडघा टेकला!”

“होऽरिडोऽऽ!” सगळ्या गावाने नेमबाजांच्या जयघोषाची आरोळी ठोकली. टोप्या उडाल्या. ढोलवाल्याला काय वाजवावं ते कळेना म्हणून त्याने सुचेल ते वाजवलं.

“पाय अडकलाय,” कर्नल मिशीतून कुजबुजला. “ओढा मला.”

हार्टविग खाली वाकला. लोकांना वाटलं, राजा आशीर्वाद देतोय. “घाई नको,” तो हळूच म्हणाला. “आधी मागे बघा. मग सावकाश उलटं घ्या.”

दुसऱ्याच दिवशी कर्नल दारात हजर. गुडघा सुजून पावाएवढा झाला होता.

“ड्रोगेसाहेब, माझी अब्रू राखा. सगळे जुने राजे भांडायला उठलेत. आमच्यापुढे का नाही वाकलास म्हणतात! वर मंडळानं ठरवलंय, इथून पुढे दरवर्षी गुडघा टेकायचा. मेलो मी! तुम्ही नुसतं सांगा सगळ्यांना, की खाली मोल होता.”

“मोल?” हार्टविगने भुवया चढवल्या. “माझ्या लॉनवर? काय बोलताय काय तुम्ही! राजाच्या लॉनवर मोल?”

“मग तो ढीग कसला?”

सफरचंदाच्या झाडापाशी ताजा ढीग होता, आणि दोघांच्या देखत त्यातून आणखी थोडी माती वर आली.

“फुलझाडांसाठी माती आणलीय,” हार्टविग डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला.

“ती हलतेय!”

“वाऱ्यानं.”

कर्नल लंगडत, शिव्या घालत निघून गेला. हार्टविग पायरीवर उभा राहून त्या ढिगाकडे बघत होता. तेवढ्यात पलीकडे घर्रर्र करत गवत कापायचं यंत्र सुरू झालं. दुपारची वेळ नव्हती, रविवारही नव्हता. ओव्हरकांपबाई सगळे नियम पाळून स्वतःच्या लॉनवर गवत कापत होत्या.

हार्टविग तरातरा कुंपणापाशी गेला.

“बंद करा ते, बाई!” तो संतापून ओरडला. “जमीन हादरतेय! वैतागून निघून गेला म्हणजे?”