लिफ्टमधला तिसरा आवाज

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली आणि मावशी दूध आणायला खाली गेली. परत आली ती पिशवी ओट्यावर ठेवत अगदी शांतपणे म्हणाली, "लिफ्टमध्ये कोणीतरी बाई अडकलीय रे. आपला मजला आला तशी मला म्हणाली, अहो, ऐकताय ना? मी म्हटलं, ऐकतेय, बोल. तर पुढे काही बोललीच नाही."

लिफ्टमध्ये कोणी अडकलेलं नव्हतं. हे मावशीच्या भाचजावयाला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याच्या हातातलं ताट सिंकमध्ये जरा जोरातच आदळलं. कारण लिफ्टमध्ये अडकलेलं कोणी नसलं, तरी तासाभरापूर्वी लिफ्टमध्ये काय झालं होतं, हेही त्याला ठाऊक होतं.

कंपनीत या गृहस्थाला सगळे 'खटका' म्हणत. लिफ्टमध्ये जी पेटी 'तिसरा मजला' असं बोलते, त्या पेट्या ही कंपनी बनवायची, आणि खटक्याचं काम त्यांची वीज तोडण्याचं होतं. इतर लोक वीज जाऊ नये म्हणून पगार घेतात, हा वीज घालवण्याचा घ्यायचा. पेटीत नवी फाईल लिहिली जात असताना मध्येच खटका दाबायचा, पुन्हा चालू करायचं आणि आत काय उरलंय ते बघायचं. एकतर जुनी फाईल अख्खी असली पाहिजे, नाहीतर नवी अख्खी. अर्धी ही, अर्धी ती, असा काला चालत नाही. जाणकार याला 'अॅटॉमिक राइट' म्हणतात. मावशीला समजावताना तो म्हणाला होता, की हे लग्नासारखं आहे, झालं तर झालं नाहीतर नाही, अर्धं लग्न झालं असं काही नसतं. त्यावर मावशीने आपल्या माहितीतली दोन-तीन अर्धी लग्नं तपशीलवार सांगितली होती.

कंपनीच्या पेट्यांमधला जुना आवाज बाईंचा होता. बाई म्हणजे साहेबांच्या, म्हणजे कंपनीच्या मालकांच्या पत्नी. कंपनी तीन टेबलांची होती तेव्हा आवाजासाठी कलाकार बोलावणं परवडत नव्हतं, म्हणून बाईंनीच सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून मजले म्हटले. पुढे कंपनी वाढली आणि शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये बाई बोलू लागल्या. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या. आवाज मात्र साहेबांनी बदलू दिला नाही. आता रेकॉर्डिंग फारच खरखरतं अशा तक्रारी यायला लागल्या, तेव्हा कुठे ते तयार झाले. सोमवारी सगळ्या पेट्यांना नव्या निवेदिकेचा आवाज जायचा होता. साहेबांनी खटक्याला केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं होतं, "तिचा आवाज कुठे तुटायला नको. जायची तर अख्खी जाऊ दे."

ऑफिसातल्या सगळ्या चाचण्या उत्तम झाल्या होत्या. जरा जास्तच उत्तम. पेटीला विचारलं, तुला अख्खं लिहिता येतं का, तर ती हो म्हणायची. पण नवा जावईही सासुरवाडीत सगळ्याला हो म्हणतो. शुक्रवारी खटक्याच्या मनात पाल चुकचुकली आणि त्याने चाचणीची पेटी उघडून पाहिली. आत कोणीतरी सोयीसाठी एक छोटी बॅटरी जोडून ठेवलेली. म्हणजे खटका दाबला, दिवा विझला, तरी पेटी आतल्या आत लिहितच राहायची आणि काम पुरं करूनच गप्प व्हायची. इतके दिवस तो झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाची नाडी बघून मेल्याचा दाखला देत होता.

बॅटरी नसलेली खरी पेटी हवी होती, आणि तशी एक त्याच्याच इमारतीत होती. कंपनीने बनवलेली पहिलीवहिली पेटी, बाईंनी जिच्यात बोलून पाहिलं ती, घरच्याच माणसाची इमारत म्हणून इथे फुकटात बसवली होती. इमारतीच्या समितीची अध्यक्ष खटक्याची बायको. काही बिघडलं तर लोक मला धरतील, असं ती म्हणाली. काही बिघडणार नाही, असं तो म्हणाला. मग जेवणाआधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन त्याने नवी फाईल सोडली, ती निम्मी झाल्यावर वीज तोडली आणि परत दिली. पेटीने सांगितलं, नवा आवाज पूर्ण भरला आहे. तो समाधानाने जिना उतरून जेवायला बसला. त्यानंतर मावशी दुधाला गेली.

आता मात्र तो जिन्याने तळमजल्यावर जाऊन एकटाच लिफ्टमध्ये शिरला आणि सगळ्या मजल्यांची बटणं दाबली. दार लागलं. समोरच्या आरशात तो आणि मागे पत्र्याची भिंत, दुसरं कोणी नाही. तळमजला, पहिला मजला नव्या निवेदिकेने खणखणीत सांगितले. "दुसरा मज" इथपर्यंत तीच होती, आणि "ला" बाईंनी म्हटलं. तिसरा मजला अख्खा बाईंचा. चौथ्यावर शब्दच नव्हते. कोणीतरी श्वास घेत होतं, आणि खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला. पाचव्यावर अगदी कानाशी, खालच्या आवाजात, "अहो, ऐकताय ना?" सहाव्यावर कोणी गुणगुणत होतं आणि खोलीत परकं माणूस आल्यासारखं एकदम थांबलं. सातव्यावर काहीच नाही. त्या मजल्यावरचं बिऱ्हाड कधीचं परदेशी गेलेलं. दार उघडलं तेव्हा समोर बंद घर, धुळीने माखलेलं पायपुसणं आणि कोणीतरी बोलायचं थांबावं तशी शांतता होती. खटक्याने घाईघाईने खालचं बटण दाबलं.

हे भूत नव्हे, हे बायकोला सांगताना तो स्वतःलाही सांगत होता. कॉम्प्युटर काही पुसतो म्हणजे खरं पुसत नाही, ती जागा मोकळी आहे असं फक्त धरून चालतो. लिहिलेलं तिथेच पडून राहतं. बाईंनी या पेटीत रेकॉर्डिंग केलं तेव्हाचे फालतू तुकडे काढून टाकले होते, पण ते कुठे गेलेच नव्हते. नव्या फाईलने त्यांची जागा धरली, आणि त्यावर काही लिहायच्या आतच वीज गेली. म्हणून जुना आवाज, नवा आवाज आणि हा तिसरा. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सरळ परत भर की, असं सुचवलं.

त्याने परत भरायला घेतलं. पेटी म्हणाली, आवाज पूर्ण भरलेला आहे. तिने फाईलचं नाव आणि आकार आधी नोंदवला होता आणि मजकूर नंतर भरणार होती, तेव्हा तिच्या लेखी सगळं झालेलंच होतं. पान वाढायच्या आधी ढेकर देण्यातला प्रकार. मग त्याने वैतागून पुन्हा वीज तोडली. पेटी चालू झाल्यावर तिने आपल्या परीने डागडुजी केली, आणि गुणगुणणं सहाव्यावरून पहिल्या मजल्यावर आलं. चौथ्यावर खुर्ची सरकल्यानंतर आता कोणीतरी बारीक हसायला लागलं. याच्यापुढे हात लावायची त्याची छाती झाली नाही.

रविवारी सकाळपर्यंत इमारतभर झालं. चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी कळवलं, की पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच आ वासून येताहेत. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहत. त्यांनी लिफ्टमध्ये उभं राहून त्या आवाजाला नाव सांगायला फर्मावलं. उत्तर न आल्याने त्यांचा अपमान झाला. मावशी एवढी एकच खूश होती. ती काही कारण नसताना खाली-वर करत होती आणि बिचारीचं कोणी ऐकून घेत नाही म्हणून हळहळत होती. तिला रेकॉर्डिंगचं सांगून झालं होतं. रेकॉर्डिंग असलं म्हणून काय झालं, असं तिचं म्हणणं पडलं.

बायकोने खटक्याला काही सुनावलं नाही. ती नुसती दारापाशी खुर्ची टाकून बसली आणि तक्रारी घेत राहिली. तिच्या गप्प बसण्याचाच त्याला जास्त धसका होता. त्यात न्यायाधीशांनी लिफ्टमधल्या पट्टीवरचा नंबर फिरवला. रविवार असल्यामुळे ऑफिसचा फोन साहेबांच्या घरी वाजला. नंतर न्यायाधीशच सांगत आले, की तुमचे मालक सभ्य दिसतात, तक्रार ऐकून घेतली, पण एकच प्रश्न दोनदा विचारला, ती नेमकं काय म्हणते. आणि मग म्हणाले, मी येतो.

साहेब येईपर्यंत खटक्याने मनातल्या मनात बरंच भाषण जुळवलं. बॅटरीची चूक, पेटीचा खोटेपणा, आणि सोमवारी हे शहरभर झालं असतं ते कसं वाचलं. साहेब आले ते घरातल्याच कपड्यांत. त्यांनी भाषण अर्ध्यावर हाताने थांबवलं आणि लिफ्टकडे बोट केलं.

दोघं आत शिरले. पहिल्या मजल्यावर गुणगुणणं सुरू झालं तेव्हा साहेब आरशाकडे बघत म्हणाले, "सूर कधीच नव्हता तिला." चौथ्यावरचं हसू आलं तेव्हा ते आवाजाच्या दिशेने सरकले. पाचव्यावर आवाज आला, "अहो, ऐकताय ना?"

"हो," साहेब म्हणाले.

इतक्या सवयीने म्हणाले, की खटक्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे पत्रा होता.

ते तसेच खाली-वर करत राहिले. दर खेपेला पाचव्यावर ती विचारायची आणि साहेब हो म्हणायचे. कोणी लिफ्ट बोलावली की दार उघडायचं, उभ्या माणसाला साहेबांचा चेहरा दिसायचा आणि ते माणूस जिन्याकडे वळायचं. शेवटी साहेबांनी विचारलं, सातव्यावर काय आहे. काही नाही, नुसती शांतता, असं खटका म्हणाला.

"कुठली शांतता? पेटीतली की इमारतीतली?"

शेवटपर्यंत थांबून खटक्याने ऐकलंच नव्हतं. घाबरला होता म्हणून, हे त्याने सांगितलं नाही.

सातव्यावर दार उघडलं. साहेबांनी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं. समोर बंद घर, धूळ. आधी काहीच नव्हतं. मग त्या काहीच नाहीमध्ये हलकी खरखर ऐकू यायला लागली, म्हणजे ही शांतता पेटीतली होती. दुसऱ्याच कुठल्या खोलीतली, गाद्या लावलेली. लांब नळ ठिबकत होता. कोणीतरी कागद गोळा केले. बराच वेळ काही नाही. आणि मग बाईंचा आवाज आला, मजले सांगतानाचा नव्हे, शेजारी बसलेल्या मुलीशी बोलतानाचा.

"बंद केलंस ना गं ते? हं. ह्यांना सांगू नकोस हं कधी. मला लिफ्टची मेलं फार भय वाटतं. दार लागलं की जीव घुसमटतो. मी चढतच नाही." मग ते बारीक हसू. "आणि आता बघ, गावभरच्या लिफ्टमध्ये मीच कोंडलेली असणार."

तिथे तुकडा संपला. साहेबांचं बोट बटणावर तसंच होतं. मग दोघं बाहेर आले आणि साहेब बंद घरासमोरच्या पायरीवर बसले. लिफ्टचं दार त्यांच्या मागे लागलं आणि ती रिकामीच खाली गेली.

"आमचं ऑफिस नवव्या मजल्यावर होतं," ते म्हणाले. "रोज जिन्याने यायची. मला म्हणायची, गुडघ्यांना व्यायाम. मी चारचौघांत कौतुक करायचो तिच्या गुडघ्यांचं."

ते हसत होते की काय, हे खटक्याला नीट कळेना. त्याने काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की दोष सापडलाय, मजकूर आधी आणि नोंद नंतर असं उलटं करावं लागेल, मोकळी जागा खरोखर पुसावी लागेल, पण उद्या काही होणार नाही, आठवडा लागेल. साहेबांनी मान हलवली.

"आठवडा घे. पण तिला आज काढ. सगळ्या पेट्या गप्प कर."

गप्प करायला काही लिहावं लागत नव्हतं, एक आज्ञा पुरत होती. खटक्याने तिथेच पायरीवर बसून काखेतला लॅपटॉप उघडला आणि शहरातल्या लिफ्ट एकामागून एक मुक्या झाल्या. मग दोघं सावकाश जिन्याने खाली उतरले.

तो आठवडाभर शहरात लोक भलत्याच मजल्यांवर उतरत होते आणि परक्या दारांच्या घंटा वाजवत होते. ऑफिसात तक्रारींचे फोन थांबेनात. ते सगळे साहेबांनी स्वतःच्या टेबलावर घेतले, आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "माफ करा, बाई जरा बाहेर गेल्यात."