बांगड्याचा श्रावण

सावित्रीकाकूंचं मांजर श्रावण पाळतं, ही बातमी नागपंचमीच्या आधीच सगळ्या वाडीत झाली होती. ती पसरवली होती अर्थातच सावित्रीकाकूंनी. विहिरीवर, देवळात, रेशनच्या रांगेत, जिथे चार बायका भेटतील तिथे त्या सांगत, "आमचो बांगडो श्रावण लागल्यापासून नुसत्या डाळभातार आसा हां! एक दिवस म्याव करून मासो मागूक नाय."

बांगडो म्हणजे पाठीवर बांगड्यासारखे पट्टे असलेला गलेलठ्ठ बोका. ज्याचं नावच मासा, त्याने श्रावण पाळावा, हे ऐकून बायका तोंडात बोट घालत आणि घरी जाऊन नवऱ्यांना ऐकवत, "त्या मांजराकडसून तरी काय शिका!" वाडीतल्या समस्त पुरुषवर्गाला त्या बोक्याचा मनापासून राग येऊ लागला होता.

काकूंचे यजमान भिकाजी हे रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि गावाने त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. अशा माणसाच्या घरी श्रावणभर शिवराक जेवण, मासळीचा वाससुद्धा नाही, हे काय सांगायला हवं? बांगड्याच्या थाळीतही डाळभात पडायचा. तो थाळीकडे बघायचा, काकूंकडे बघायचा आणि शेपटी वर करून निमूटपणे घरामागच्या परड्यात निघून जायचा. "बघा, उपास करता," असं काकू कौतुकाने म्हणायच्या.

उपास कसला नि काय कसला! एका सकाळी भिकाजी पूजेची फुलं काढायला परड्यात गेले, तर बांगडो तोंडात काहीतरी घेऊन माडाखाली बसलेला. उंदीर असेल म्हणून भिकाजींनी हाड्हूड केलं. बोक्याने तोंडातलं खाली टाकलं. भिकाजी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

ते पाखरू होतं. उचलून तळहातावर घेतलं तर वजनच लागेना, परडीतलं जास्वंदीचं फूल त्याहून जड भरलं असतं. पाठ निळी म्हणावी की जांभळी, ते ठरवता येईना. हात जरासा कलला की रंग पालटत होता. पोट पिकल्या हापूससारखं, चोच लालभडक आणि पायाला बोटं मात्र तीनच. भिकाजींनी बोटं पुन्हा मोजली. रंगांची एवढी उधळण करून देवाने बोटाची काटकसर का केली असावी, हे त्यांना कळेना. "अरे देवा म्हाराजा," ते पुटपुटले, "ह्या कधी केलंस तू?" पाखरू गरम होतं, पण त्यात जीव नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या कानाजवळून एक निळी रेघ सुर्रकन गेली. परड्यामागच्या मातीच्या दरडीत एक मूळ बाहेर आलं होतं. त्यावर तसंच दुसरं पाखरू येऊन बसलं, चोचीत सरड्याचं पिल्लू घेऊन. इकडे तिकडे बघत ते दोनदा बारीक शीळ घातल्यासारखं ओरडलं. ज्याला हाक मारत होतं, ते भिकाजींच्या हातातच होतं. मग ते दरडीतल्या एका बिळात शिरलं आणि आतून पिल्लांचा चिवचिवाट उठला. भिकाजींचा जन्म ह्या घरात गेला होता. रोज सकाळी ह्याच दरडीसमोर उभं राहून ते दात घासत होते. आणि हे असं काही आपल्या घरामागे राहतं, ह्याचा त्यांना पत्ता नव्हता! त्यांचे डोळे भरून आले.

मुंबईच्या लेकीला त्यांनी लगेच फोन लावला. अक्षया ओरडलीच, "बाबा, तो तिबोटी खंड्या! लोक कॅमेरे घेवन लांबलांबसून येतत त्येका बगूक. आता एकट्याकच पिल्लांका भरवूक व्हया. तो पण बांगड्याक गावलो, तर बिळातली सगळी उपाशी मरतली. बांगड्याक घरात ठेवा, गळ्यात घंटा बांधा आणि पहिली गोष्ट म्हणजे त्येका पोटभर मासो घाला. मांजर ता, डाळभात खावन खंय रवतला?"

मासा! श्रावणात! सावित्रीकाकूंकडे ही गोष्ट काढायची भिकाजींची छाती होईना. तेव्हा त्यांनी आधी बाकीचे उपाय केले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा जुनापुराणा प्रश्न त्यांनी एकट्याने सोडवला. दोन्ही हात ओरबाडून निघाले. घंटा दुपारपर्यंत कुंपणात अडकून राहिली आणि बांगडो तिच्याशिवाय पुढे गेला. मग त्याला माजघरात कोंडलं, तर त्याने असा काही गळा काढला की शेजारणीने येऊन 'कोणाचा काय झाला?' म्हणून विचारलं. शेवटी भिकाजी एसटीने मालवणला जाऊन मांजराच्या खाण्याचं पाकीट घेऊन आले.

काकूंनी पाकीट उजेडात धरलं. "अवो, हेच्यार मासो काढलेलो आसा."

"ता नुसता चित्र गो."

"आणि ह्या काय लिवलेला? ट्युना! म्हणजे आपलो कुपो तो! पाकिटात भरलो म्हणान कुपो काय शिवराक झालो? ह्या घरात येवचो नाय. पाखरांचा म्हणशात, तर आमचो बांगडो त्यातलो नाय. ता घुशीचा काम असतला."

पाकीट तिथून थेट परत गेलं. दरडीवरचा खंड्या एकटाच फेऱ्या मारत होता. कधी चिमुकला खेकडा, कधी बेडकी, कधी टोळ आणत होता. भिकाजी काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ राखण करत बसले. पण बघता बघता काठी हातातून गळायची, तोंड उघडं राहायचं. एवढासा जीव, जोडीदार गेला तरी रडत बसला नाही, पावसात वाऱ्यात पोरांसाठी खेपा घालतोच आहे! देवळात उभं राहून वाटतं तसं त्यांना त्या दरडीसमोर वाटू लागलं. आणि पलीकडे अळवाच्या पानांआड बांगडो बसलेला असायचा. तोही टक लावून बघायचा. दोघांच्या बघण्यात फरक होता, एवढंच.

मग भिकाजींनी मन घट्ट केलं. तिठ्यावर मासे विकायला येणाऱ्या शर्मिलाला गाठलं आणि इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "पेडवे दी गो थोडे. मांजराक व्हये."

"व्हय व्हय," शर्मिला हसली. "श्रावणात सगळ्यांच्या मांजरांकच भूक लागता."

रोज सकाळी परड्याच्या कोपऱ्यात, काकूंच्या नकळत, पेडव्यांचा वाटा बांगड्यापुढे पडू लागला. आणि काय आश्चर्य! बोका खाऊन, मिशा पुसून, माडाच्या बुंध्याशी ढाराढूर झोपू लागला. खंड्या डोक्यावरून गेला तरी डोळा उघडेना. भिकाजींनी मात्र जिभेवर मासळीचा कण ठेवला नाही. पेडवे हातात घेताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, ते गिळून ते रवळनाथाचं नाव घ्यायचे. हातांना राख चोळ, आमसूल चोळ, लिंबू चोळ, असं करूनही तीर्थ देताना लोक नाक किंचित वर करायचे ते करायचेच.

आणि तो सोमवार उजाडला. बिळाच्या तोंडाशी पिल्लांच्या चोची दिसू लागल्या होत्या, आज-उद्या ती बाहेर पडणार होती. त्यात शर्मिलाला यायला उशीर झाला. भिकाजींनी पेडवे घेतले न घेतले तोच मागून काकू नैवेद्याचं ताट घेऊन येताना दिसल्या. आता हे लपवायचे कुठे? पाऊस थांबलेला होता आणि काखेत मिटलेली छत्री होती. भिकाजींनी छत्रीचं तोंड जरा उघडलं आणि पेडवे आत सोडले. काकू म्हणाल्या, "चला, भजन सुरू झाला असतला." आता घरी परतायची सोय उरली नाही.

देवळाच्या पायरीशी छत्री टेकवून भिकाजी आत गेले खरे, पण जीव सगळा छत्रीत. भजन रंगात आलं. भजनाचे बाबली बुवा, त्यांना मध्येच तुळस आणायला बाहेर जायचं झालं आणि नेमकी तेव्हाच सर आली. हाताला लागली ती छत्री उचलून बुवांनी फटकन उघडली.

बुवांच्या डोक्यावर, उपरण्यावर, गळ्यातल्या माळेवर पेडव्यांचा पाऊस पडला. एक पेडवा कानावर लोंबकळत राहिला. श्रावणी सोमवार आणि देवळाची पायरी! टाळ थांबले, मृदंग थांबला.

"शिरा पडो!" बुवा किंचाळले. "कोणाची रे ही छत्री?"

दांड्यावर भिकाजींचं नाव रंगाने लिहिलेलं होतं. सगळ्या माना वळल्या. भिकाजी पुढे आले, घसा खाकरून म्हणाले, "ते मांजराक हाडलेले."

"मांजराक?" बुवांनी कानावरचा पेडवा काढला. "तुमचो बांगडो श्रावण पाळता ना? आमची बायल माका रोज सांगता! आता एक काय ता बोला. एकतर ह्या काकू खोटा सांगतत, नायतर तुमी मासे खातास. आणि खात असशात, तर गाऱ्हाणा घालूचो मान सोडा."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. भिकाजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना पेच कळला. खरं बोलावं तर बायकोची अब्रू जाते, गप्प बसावं तर बापजाद्यांचा मान जातो. ते देवासमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडून त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जन्माची सवय, सगळं देऊळ गरजलं.

"हे पेडवे तुज्या पायरेर पडले, ते मी हाडलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पन त्यातलो एक सुद्धा मी खावक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बुवांनी जीभ चावली. होकार तर जाऊन बसला होता, आणि देवासमोर दिलेला होकार परत कसा घेणार?

"माज्या परड्यात एक पाखरू आसा म्हाराजा. तुज्या हातचा असा काम मी जन्मात बगूक नाय. त्येचो जोडीदार बांगड्यान मारल्यान. एकट्यान पिल्लां वाढवल्यान. त्येंच्यासाठी मांजराचा पोट भरूक मी चोरून मासे घातलंय. बायलेक ठावक नाय, तिच्यार बोल येवचो नाय, असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी आवाज जरा हळू आला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"आणि आज ती पिल्लां भायेर पडतली, आणि बांगडो सकाळपासून उपाशी आसा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

आपलंच वाक्य भिकाजींच्या कानात शिरलं. ते वळले, पायरीवरचे मिळतील तेवढे पेडवे ओंजळीत भरले आणि सोवळ्यानिशी धावत सुटले. गाऱ्हाणं अर्धं टाकून माणूस पळाला, हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. मागोमाग काकू पळाल्या, काकूंमागे बुवा, बुवांमागे गळ्यात मृदंग अडकवलेला गडी आणि त्यामागे सगळी वाडी.

दरडीच्या मुळावर एक पिल्लू बसलं होतं. त्याला पंख आहेत हे कळलं होतं, पण त्यांचं काय करायचं ते कळलं नव्हतं. आणि खाली हातभर अंतरावर बांगडो दबा धरून होता, शेपटीचं टोक हलत होतं. भिकाजींनी लांबूनच पेडवा भिरकावला. तो बोक्याच्या नाकासमोर पडला. बांगड्याने पाखराकडे बघितलं. पेडव्याकडे बघितलं. पुन्हा पाखराकडे बघितलं. काकू पुढे झाल्या, त्यांनी भिकाजींच्या ओंजळीतून स्वतःच्या हाताने दुसरा पेडवा उचलला आणि श्रावणी सोमवारी, सगळ्यांच्या देखत, पुढे केला. "ये रे माज्या बाबा, खा."

बांगडो पेडव्यावर वळला.

पिल्लू मुळावरून सुटलं. आधी खाली गेलं, सगळ्यांच्या तोंडून 'अगे बाय!' निघालं, आणि मग निळी ठिणगी उडावी तसं ते वर उठून फणसाच्या फांदीवर जाऊन बसलं. त्यामागून दुसरं, मग तिसरं आलं. मोठा खंड्या फांद्यांमधून त्यांच्याभोवती फिरत होता. पाऊस पडत होता, पण कोणी छत्री उघडली नाही. बुवांनी जोडलेले हात बराच वेळ खाली आणले नाहीत. "ह्या आपल्या वाडीत होता?" ते कुजबुजले. "आणि आमी देवाक नुसता देवळात शोधूक जातंव."

"चूक माजीच," सावित्रीकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बांगड्यान कधी श्रावण पाळूक नाय. तो भायेर खाय होतो."

बुवांनी तिथल्या तिथे निवाडा दिला. मांजराला श्रावण नाही. वाडीतल्या एकाही मांजराला ह्यापुढे उपाशी ठेवायचं नाही, पाखरांच्या जिवाचा प्रश्न आहे. वाडी एकमुखाने 'व्हय म्हाराजा' म्हणाली. इतक्या भक्तिभावाने दिलेला होकार भिकाजींनीही कधी ऐकला नव्हता.

पुढच्या सोमवारी शर्मिलाची पाटी वाडीत शिरली, ती रिकामी होऊनच बाहेर पडली. मांजराला म्हणून कोणी बांगडे घेतले, कोणी सुंगटं. बाबली बुवांनी सगळ्यात महागडी इसवण घेतली, तुकडे करून. "बुवा," शर्मिला म्हणाली, "तुमच्याकडे मांजर खंय आसा?"

"येता-जाता कोणाचा ना कोणाचा येता गो," बुवा गंभीरपणे म्हणाले. "पाखरांसाठी करूक नको?"

त्या दुपारी घराघरातून तळणाचा असा वास सुटला की भिकाजींना पूजेत मंत्र सुचेनात. साऱ्या वाडीत खरोखरचा श्रावण पाळणारे ते एकटेच उरले होते. ते पानावर बसले. पानात डाळभात आणि अळूचं फदफदं. शेजारी सावित्रीकाकू मांडी घालून, पेडव्याचा एकेक काटा काढून, बांगड्याला भरवत होत्या. भिकाजींचा घास हातातच राहिला, नजर बोक्याच्या थाळीवरून हलेना.

काकूंनी मान वर केली.

"थंय काय बगतास? तुमी काय पाखरां मारतास?"