पोस्टमास्तरांची टकटक

चार वाजायला सात मिनिटं कमी होती आणि पोस्टमास्तरांना बुद्धिबळ सापडत नव्हतं.

कॉम्प्युटरमधलं बुद्धिबळ. पोस्टमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना हुद्द्यानेच ओळखत. दूरच्या गावी राहणाऱ्या तारमास्तरांशी, म्हणजे नोकरीतल्या जुन्या दोस्ताशी, ते रोज चार वाजता एक डाव खेळायचे. आत्तापर्यंत दोघांची बरोबरी होती. उद्या तारमास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग महिनाभर पडद्याकडे बघायची बंदी. तेव्हा आजचा डाव निकालाचा! हरणाऱ्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहून कबूल करायचं, की तू माझ्यापेक्षा चांगला खेळतोस. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, पण हे एक पत्र पोस्टमास्तरांना आपल्या नावावर हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. त्यात तारमास्तरांचा नियम कडक. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत जो पटावर आला नाही, तो हरला.

आणि इथे पडद्यावर चित्रांची ही गर्दी! मुलाने टाकलेली, नातवंडांनी टाकलेली, दुरुस्तीवाल्याने उगीचच टाकलेली. त्यात तो इवलासा घोडा रोज कुठेतरी दडी मारून बसायचा. पोस्टमास्तर भिंग घेऊन शोधायचे.

यावर सूनबाईने कालच इलाज केला होता. ती प्रोग्रॅमर. सासऱ्यांसाठी तिने खास एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'हाक'.

"बाबा, एकदम सोप्पं आहे," ती सकाळी ऑफिसला निघताना म्हणाली. "कॉम्प्युटरमध्ये जे जे बसवलंय त्याची एक यादी असते, आणि प्रत्येकाचा पत्ता असतो. तुम्ही या चौकटीत नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. हाक ते नाव यादीत शोधते आणि पत्त्यावर जाऊन त्याला उठवते."

"म्हणजे आमच्या पोस्टमनचंच काम की!"

"अगदी तेच."

"आणि पत्ता चुकला तर?"

"नाही हो चुकत," सूनबाई म्हणाली. मोठ्या खात्रीने म्हणाली हो!

आता पोस्टमास्तर चढत चढत मास्तर झालेले. सुरुवातीची बारा वर्षं त्यांनी दारोदार टपाल वाटलेलं. आधी दार वाजवायचं, मग नाव घ्यायचं, ही सवय हाडात मुरलेली. चार वाजायला पाच कमी असताना त्यांनी हाक उघडली, आणि चौकटीत एक अक्षरही न लिहिता एंटरवर बोटाने टकटक केली.

हाक बिचारी प्रामाणिक. नाव दिलं नाही, म्हणजे कुणाला वगळलेलंही नाही, असा तिने अर्थ लावला. रिकाम्या चौकटीचा विचार सूनबाईने केलाच नव्हता. हाकेने यादी वरून वाचायला घेतली आणि सगळ्यांना उठवलं.

आधी कॅल्क्युलेटर उघडला. मग शब्दकोश. मग कॅमेरा, त्यात स्वतःचाच घाबरलेला चेहरा बघून पोस्टमास्तरांनी सवयीने "या, या" म्हटलं. मग गाणं सुरू झालं, त्यावर दुसरं गाणं सुरू झालं. खिडक्यांवर खिडक्या! त्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेजारी तो काढून टाकणाराही नोंदवलेला असतो. हाकेने त्यांनाही उठवलं, आणि ते एकेक जण पुढे येऊन विचारू लागले, 'हा प्रोग्रॅम कायमचा काढून टाकायचा आहे का?'

पोस्टमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फोन लावला.

"अगं, हे काहीतरी विचारतंय!"

सूनबाई मीटिंगमध्ये होती. टेबलाखाली वाकून कुजबुजली, "बाबा, उघडताना परवानगी मागतं ते. जे विचारेल त्याला हो म्हणा."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना!" आणि फोन बंद.

पोस्टमास्तरांनी प्रश्न पुन्हा वाचला. मनात शंका आली, नाही असं नाही. पण वरून आलेल्या हुकमाला फाटे फोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी माउस शिक्क्यासारखा धरला आणि कामाला लागले. हो. ठाप. हो. ठाप. तरुणपणी मिनिटाला साठ पाकिटांवर शिक्के मारलेला हात तो. चार वाजून तीन मिनिटांपर्यंत हाताला लय सापडली आणि पोस्टमास्तर चक्क खूश दिसू लागले.

इतक्यात गाण्यांचा गोंधळ ऐकून त्यांची बायको, सगळ्यांची माई, धावत आली.

"अहो, काय चाललंय? आणि माझं भरतकामाचं कुठाय? इथे कोपऱ्यात फूल होतं!"

"त्याने विचारलं, मी हो म्हटलं."

"काय विचारलं?"

"काढू का म्हणून."

"आणि तुम्ही हो म्हणालात? माझ्या फुलाला?" माईंनी डोक्याला हात लावला. "उद्या कुणी विचारलं, बायको काढू का, तर?"

"सूनबाईचा हुकूम आहे," पोस्टमास्तर म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक शिक्का मारला.

चार वाजून आठ मिनिटं झाली. शेवटची खिडकी मिटली. गाणी थांबली. पडदा लख्ख मोकळा झाला होता, आणि मधोमध एकटा घोडा उभा होता.

"सापडला!" पोस्टमास्तर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

चार वाजून नऊ मिनिटांनी ते पटावर होते. समोर तारमास्तरांनी प्यादं सरकवलं. माई रागावूनच शेजारी बसल्या, पण अर्ध्या तासाने "अहो, वजीर बघा, वजीर!" असं स्वतःच हळू आवाजात म्हणाल्या. सहाला पोस्टमास्तरांनी मात दिली.

संध्याकाळी सूनबाईने पडदा बघितला आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"बाबा, सगळंच काढलंत?"

"तू म्हणालीस, सगळ्यांना हो. पण तुझी हाक गुणाची हो! बरोब्बर घोडा शोधून दिला."

"तिला तो सापडलाच नसता," सूनबाई खाली मान घालून म्हणाली. "बुद्धिबळ तारमास्तरांनी मागे इथे आले तेव्हा पेन ड्राइव्हवरून नुसतं आणून ठेवलंय. ते बसवलेलंच नाही, म्हणजे यादीत नावच नाही. म्हणून तर ते वाचलं." मग तिने हाक शोधली. ती सापडेना. हाक काढून टाकण्याची सोयही तिनेच मोठ्या हौसेने केली होती, आणि पोस्टमास्तरांनी तिलाही हो म्हटलं होतं.

रात्री जेवायच्या आधी तिने माईंचं फूल परत बसवलं. हाकही पुन्हा बसवली, या वेळी दुरुस्त करून. आता रिकाम्या चौकटीत कितीही टकटक केली तरी ती ढिम्म हलत नव्हती.

चौथ्या दिवशी पत्र आलं. पोस्टमास्तरांनी पाकिटावरचा शिक्का आधी नीट तपासला, मग पत्र माईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

'तू माझ्यापेक्षा चांगला खेळतोस. उद्या डोळ्याला पट्टी, म्हणून आजच लिहितोय. फोनवर तू सांगितलंस ते ऐकून पोट दुखेपर्यंत हसलो. पण खरं सांगू? मीही आज चार वाजून नऊ मिनिटांनीच पोचलो. माझ्याही पडद्यावर नुसती गर्दी आहे, घोडा मिळत नाही. तुझ्या सुनेला सांगून ती हाक मला पाठव.'

माई हसू लागल्या. पोस्टमास्तरांनी पत्राची घडी घातली, खिशात जपून ठेवली आणि आत हाक मारली.

"सूनबाई, एक प्रत काढ गं. दुरुस्त केलेली नको. ती बिघडलेलीच दे."