भोईरकाकांची राखीव वीस मिनिटं

भोईरकाकांच्या बैठकीत शेवटची वीस मिनिटं कोणीच गात नाही. कार्यक्रमाच्या कागदावर तसं स्वच्छ छापलेलं असतं : 'चार ते पाच चाळीस गायन. पाच चाळीस ते सहा राखीव.' गवई कितीही मोठा असो, पाच चाळीसला काका दारातून घड्याळावर बोट ठेवतात आणि तो भैरवी आटपून हात जोडतो. मग वीस मिनिटं सतरंजी अंथरलेली, तंबोरा जुळलेला आणि गाणारं कोणी नाही. लोक चहा पिऊन, चपला शोधून घरी जातात. सहाला काका सतरंजी गुंडाळतात.

"राखीव कोणासाठी, काका?" मी एकदा विचारलं.

"डिस्पॅचचा नियम हाय, बाय. गाडी कितीबी भरली तरी थोडी जागा मोकली ठेवाची."

काका जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात मालाच्या गाड्या रवाना करणारे डिस्पॅच सुपरवायझर होते. निवृत्त झाले आणि आमच्या शेलार गावातला घराखालचा स्वतःचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, गाळा त्यांनी बैठकीसाठी रिकामा केला. लूम गेले, पण जमिनीतले बोल्ट काही निघाले नाहीत. ते सतरंजीखाली आहेत. जुन्या श्रोत्यांना त्यांच्या जागा पाठ आहेत, नव्यांना त्या आलाप चालू असताना कळतात. बैठक महिन्यातून एकदा, नेहमी शुक्रवारी, कारण त्या दिवशी आजूबाजूचे लूम बंद असतात. वेळ चारची, कारण जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकून सलीमभाई निवांत येतात. सलीमभाई शेजारच्या लूमचे मालक आणि पहिल्या रांगेतले कायमचे श्रोते.

मी काकांच्या शेजारी राहते आणि गाण्याच्या शिकवण्या घेते. राग कसा मांडावा हे मला माझ्या बाईंनी शिकवलं. पण मैफल कशी उभी करावी, हे मी या माणसाकडून शिकले, आणि अजूनही त्यांच्याकडे बघून माझा आ वासलेलाच असतो. खुद्द काका म्हणतात, "मना गान्यातला काय कलत न्हाय. गवय्या म्हंजे काचेचा माल, येवढाच कलता." तंबोऱ्याच्या पेटीवर त्यांनी गोदामातला 'नाजूक माल, सांभाळा' हा स्टिकर चिकटवलेला आहे. गायकाच्या पाठीवरही लावला असता, पण झब्ब्याला तो टिकत नाही.

त्यांचं पहिलं सूत्र खोलीचं. "तीस मानसांच्या खोलीत चालीस आली तं ती बैठक. शंभरांच्या हॉलमधी चालीस आली तं शोकसभा." एका गायकाने तीन पानी परिचय पाठवला होता. काकांनी त्याला फोन करून सांगितलं, "सायेब, ह्यो माल एका टेम्पोत बसत न्हाय. चार ओली द्या. गुरूंची नावा दोन चालतील. तिसऱ्या नावाला मानूस घड्याल बगतो." गायक आधी रागावला. आता तो सगळीकडे चार ओळीच पाठवतो.

प्रत्येक कलावंताला त्यांचे तीन फोन जातात. पहिला महिनाभर आधी, तारखेचा. दुसरा आठवडाभर आधी, गाडीचा. तिसरा त्याच दिवशी सकाळी, आणि त्यात एकच प्रश्न : "गला कसा हाय?" नाशिककडून येणाऱ्याला आणायला ते तासभर आधी हायवेवरच्या पडघ्याला जाऊन उभे राहतात. परतीच्या वाटेवर खड्डे आले की तबला त्यांच्या मांडीवर असतो आणि तबलजी मागे आदळत असतो. "मानूस दुखला तं सांगतो. तबला काय सांगल?"

मला त्यांनी एकदा फार मोलाची गोष्ट सांगितली. "दुसरा कार्यक्रम कवा मिलतो ठावं हाय? पयल्याच्या दुसऱ्या दिवशी. आभाराचा फोन केला की." मी तसे फोन करायला लागले आणि खरोखर आमंत्रणं यायला लागली.

पण या माणसाची खरी थोरवी दारात दिसते. बैठक सुरू झाली की काका आत बसत नाहीत. एकदाही नाही. गाण्याकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर उभे. गल्लीत टेम्पो शिरला की हात आडवा करतात आणि टेम्पोवाला इंजिन बंद करतो. आसपासच्या चार घरांशी त्यांचा करार आहे : चार ते सहा कुकर लावायचा नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, पुढाऱ्याचं भाषण नाही. मध्येच सूचना तर मुळीच नाही. "गाना चालू झाल्यावं आपन कोन बोलनार?" एवढं बोलताना त्यांचा आवाज विनाकारण चढतो. आणि खाणं वर्ज्य. चहा मिळेल, तोही सगळं झाल्यावर. मी एकदा बटाटेवड्यांचा विषय काढला, तर दोन दिवस बोलले नाहीत.

यंदा त्यांनी मला बैठक दिली. स्वतंत्र अशी माझी पहिलीच. इतक्या वर्षांच्या तयारीला शंभर मिनिटं मला कमी वाटायला लागली आणि मी त्या राखीव वीस मिनिटांवर डोळा ठेवला. नाही तरी ती वायाच जातात.

"न्हाय," काका म्हणाले.

"काका, घरची आहे ना मी?"

"घरची हाईस म्हनून चा जास्त घे. वीस मिन्टा मिलनार न्हाईत."

मला राग आला. बैठकीच्या आदल्या दिवशी मी वशिला लावायला काकींकडे गेले. काकी ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या. काकी म्हणजे बैठकीच्या शेवटी चहाचा ट्रे घेऊन दारात दिसणारी बाई, एवढीच मला त्यांची ओळख. माझं गाऱ्हाणं ऐकून त्या हसल्या.

"ती मिन्टा ते तुला कशी देतील, बाय? ती माझी हाईत."

मग काकींनी हात न थांबवता सांगितलं. त्यांची आई धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी बाई. तिच्याकडून धवले काकींकडे आले. लग्नानंतर सासरच्या मांडवात त्या पहिल्यांदा गायला बसल्या, काकांच्या पुतण्याच्या लग्नात. सगळी व्यवस्था काकांकडे. धवला ऐन रंगात आला होता आणि तिकडे भात निवत होता. व्यवस्थापक माणूस! काकांनी भोंग्यावरून सांगितलं, "मंडली, जेवान तयार हाय, पानावं बसून घ्या."

"आख्खा मांडव उठला," काकी म्हणाल्या. "माझ्या समोर नवरी आनि दोन म्हाताऱ्या. मी गप झाली. पुढचा दुसऱ्या बाईनी गायला. त्या दिसापासून चारचौघात गला उघडला न्हाय."

"काकांनी माफी मागितली?"

"त्यांना बोलता येता का कवा? त्यांनी ही बैठक काढली. मना अजून सांगितला न्हाय का ती वीस मिन्टा कोनाची. मना ठावं हाय."

माझ्या डोक्यात सगळ्या नियमांची रांग लागली. कुकर, बटाटेवडे, सूचना, दार. त्या एका दुपारची एकेक चूक हा माणूस दर महिन्याला दुरुस्त करत होता. त्या वीस मिनिटांवर डोळा ठेवल्याची मला लाज वाटली.

"मग गात का नाही, काकी?"

"गानार व्हते की. दरटायमाला ट्रे घेऊन येते. पन भैरवी झाली का लोका उठतान. उठलेली लोका बगितली का माझा गला बंद."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भैरवी झाली की मैफल संपली, त्यानंतर कोणी गात नाही आणि कोणी बसतही नाही. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्या आमच्या काकांना तेवढं ठाऊक नव्हतं. सगळं वेळेत करणाऱ्या या माणसाने बायकोची जागा नेमकी भैरवीनंतर राखली होती, आणि एकाही गवयाने त्यांना ते सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी मी गायले. बरी गायले. पाच चाळीसला काकांचं बोट घड्याळावर गेलं. मी थांबले, पण भैरवी घेतली नाही. हातही जोडले नाहीत. लोक भैरवीची वाट बघत बसून राहिले. सलीमभाईंनी न राहवून विचारलं, "भैरवी, बेटा?"

"भैरवी नंतर," मी म्हटलं, आणि सतरंजीवर थोडी सरकून जागा केली.

काकी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी लोकांकडे बघितलं. चाळीस माणसं, सगळी बसलेली. त्या परत फिरल्या असत्या तर मीच त्यांचा आणखी एक मांडव मोडला असता. काकींनी ट्रे खाली ठेवला. येऊन बसल्या. माझ्या विद्यार्थिनीने मोठ्या आदराने तंबोरा छेडला, तर म्हणाल्या, "त्यो बंद कर बाय, मना घोल व्हतो."

आणि गायल्या. जाड, उघडा, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा आवाज. माझ्या शंभर मिनिटांची तयारी त्या पहिल्या ओळीपुढे मला पोरकट वाटली. पहिला धवला संपवून त्या थबकल्या आणि पुन्हा लोकांकडे बघितलं. कोणी उठलं नव्हतं. मग दुसरा सुरू केला.

मी दाराकडे नजर टाकली. काका पाठमोरेच होते, एक हात टेम्पोसाठी आडवा केलेला. टेम्पो केव्हाच थांबला होता, हात तसाच होता. मग तो हळूहळू खाली आला आणि इतक्या बैठकांत कधी न बसलेला तो माणूस उंबऱ्याशी, चाळीस जणांच्या चपलांवरच बसला. तोंड मात्र गल्लीकडेच.

सहा वाजून दहा मिनिटांनी धवले संपले. भैरवी मागायची कोणाला आठवणच राहिली नाही. काकांनी सतरंजी गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धा मिन्टा जास्ती झाली."

पुढच्या बैठकीचा कागद काल घरी आला. 'चार ते साडेपाच गायन. साडेपाच ते सहा राखीव.' आणि खाली, शाईने, त्यांच्या गोदामातल्या ठसठशीत अक्षरात एक सूचना वाढवलेली आहे : 'भैरवी राखीव वेळेनंतर.'