अनारशांच्या डब्यातून गेलेले राज्य

श्रीगजानन स्मरोन, शारदेचे पायी डोई ठेवोन, आणि जिच्यावाचोन हल्ली काहीच चालत नाही त्या वायरीसही हात जोडोन लिहिणे ऐसे की, शके १९४५, शोभन नाम संवत्सरी, अधिक श्रावण मासी एका राज्यी जे वर्तमान जाहाले ते साद्यंत येणेप्रमाणे. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या. तेथे भास्करराव राज्य करीत आणि भास्कररावांवर त्यांचे कुटुंब कालिंदीबाई राज्य करीत. भास्कररावांचा खजिना चारशेबारा कॅसेटींचा. तरुणपणापासोन रेडिओपुढे टेपरेकॉर्डर धरोन त्यांणी कीर्तने पकडिली, श्रुतिका पकडिल्या, क्रिकेटची धावती वर्णने पकडिली, शेजारच्या बारशातील पाळणाही सोडिला नाही. या फौजेने दोन कपाटे व्यापिली, आणि कालिंदीबाई नित्य म्हणत, "अहो, गाद्या-रजया पलंगाखाली आणि ही डबडी कपाटात! हा कुठला न्याय?" भास्करराव ऐकोन न ऐकिल्यासारखे करीत. परंतु एके वर्षी फितींस बुरशी धरली, तेव्हां राजे खडबडोन उठले आणि मनसुबा केला की, अवघा खजिना संगणकात उतरवावा, एका काळ्या डिस्कमध्ये कोट बांधोन ठेवावा, आणि कपाटे खाली करोन द्यावी.

मोहीम म्हणावी तैसी सोपी नव्हे. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटेच घेते, राजा असो की रंक. फीत ढिली जाहाली तर भोकात पेन्सिल घालोन गुंडाळावी, बुरशी कापसाने पुसावी, आणि वाजता वाजता दारची घंटा वाजली तर पुन्हा पहिल्यापासोन. आणि मग नावे देणे. पहिल्या फोल्डरास 'गाणी' म्हटले, दुसऱ्यास 'नवीन गाणी', तिसऱ्यास 'अगदी नवीन गाणी', आणि त्यात गाणी पन्नास वर्षांमागील! पुढे शहाणपण सुचले आणि साल, वार, गाणाराचे नाव घालोन अवघी शिस्त लाविली. ऐसी दोन वर्षे शर्थ केली, कानास यंत्र लावोन बसले, भाजी आणावयाचे विसरले, बोलणी खाल्ली, परंतु मागे हटले नाहीत.

या खजिन्यात एक रत्न ऐसे होते की बाकीचे चारशे अकरा त्यावरून ओवाळोन टाकावे. साखरपुडा होवोन लग्न व्हावयाचे होते त्या महिन्यात कुमारी कालिंदी रेडिओ केंद्रावर एक भावगीत गाइल्या, आणि भास्कररावांणी ते आपल्या आईच्या स्वैपाकघरात बसोन टेप केले. कालिंदीबाईंस याचा पत्ता नव्हता. पुढे संसारात गाणे मागे पडले, आणि सहा वर्षांमागे गळ्याची शस्त्रक्रिया जाहाली तेव्हापासोन आवाज घोगरा. बोलत भरपूर, परंतु गाणे बंद. आरतीसही उभ्या राहत त्या नुसत्या टाळ्या वाजवीत, ओठ मिटलेले. ते भास्करराव नित्य पाहत. म्हणोन लग्नास चाळीस वर्षे होतील ते दिवशी ते गाणे एकाएकी ऐकवावे, ऐसे त्यांणी मनात धरिले. ती कॅसेट चालविली तो शेवटचा सूर उतरला आणि फीत तटकन तुटली. गाणे मात्र डिस्कमध्ये सुखरूप पोचले. मग वचनाप्रमाणे अवघ्या कॅसेटी भंगारात गेल्या आणि गाद्या-रजयांणी कपाटात प्रवेश केला.

तेव्हां त्यांचे स्नेही त्र्यंबकराव, जन्मभर ग्रंथपाल राहिलेले, यांणी मसलत दिली. म्हणाले, "भास्करा, एक प्रत म्हणजे काहीच नाही. दुसरी कर. आणि ती घरात नको ठेवू, घराला काही झालं तर दोन्ही जातील. परमुलुखात ठेव." मसलत पटली. दुसरी डिस्क भरली. परमुलूख म्हणजे लेकीचे सासर, एस.टी.ने दोन तासांची वाट. नुकताच अधिक मास लागला होता, जावयास तेहेतीस अनारशांचे वाण जावयाचे होते. भास्करराव म्हणाले, "डबा आज मी भरतो." कालिंदीबाई म्हणाल्या, "का हो, आज सूर्य पश्चिमेला उगवला का?" आणि त्या ओवाळणीची सुपारी शोधू लागल्या, तो राजांणी डिस्क तीन पिशव्यांत बांधोन तळी ठेविली, वर केळीचे पान, वर अनारसे. डबा घेवोन कालिंदीबाई स्वतः गेल्या आणि वाण देवोन आल्या. जावयास फोन करोन ही आपली ठेव आहे ऐसे सांगावयाचे होते. परंतु राजे त्र्यंबकरावांस आपली युक्ती वर्णन करण्यात गुंतले आणि फोन राहिला. घोडे पेंड खाते ते ऐसे.

मग अधिक मासाची अमावास्या उजाडली. भास्करराव सकाळी गाणे ऐकावयास उठले, पायजम्याचा पाय वायरीत अडकला, आणि डिस्क टीपॉयवरून फरशीवर पडली. लाविली तो आतोन टक टक टक, दुसरे काही नाही. दुकानी नेली. दुकानदार म्हणाला, "काका, आतली चकतीच खरवडली. काही निघायचं नाही." राजे तेथेच बाकावर बसले. मग दुसरा कोट आठवला आणि जीवात जीव येवोन जावई निरंजनराव यांस फोन लाविला. तिकडोन उत्तर आले, "बाबा, डिस्कचं वाण एकदम झकास! त्यात काय आहे ते अजून पाहिलं नाही, उद्या सगळं पुसून माझे ट्रेकचे व्हिडिओ टाकतो."

भास्करराव अडवू जातात तो फोन तुटला, आणि पुन्हा लावावा तो लागेना. कालिंदीबाईंस म्हणाले, "डब्यात माझी एक ठेव गेली आहे, परत आणायला हवी." काय ठेव हे सांगितले नाही. त्या कडाडल्या, "जावयाला दिलेलं वाण परत मागणार? मी नाही हो येत. तोंड कुठे लपवू?" राजे एकटे निघाले. वाटेत दोन कोऱ्या डिस्क घेतल्या आणि एस.टी.त खिडकीशी मांडीवर पिशवी धरोन बसले.

व्याह्यांचे घरी पोचतात तो काय देखिले! देवघरात, लंगड्या बाळकृष्णाशेजारी, काळी डिस्क पाटावर विराजमान, माथ्यावर हळदकुंकू, फुले वाहिलेली. विहीणबाई प्रमिलाबाई म्हणाल्या, "निरंजन पहिल्याच दिवशी घेऊन चालला होता. मी हात लावू दिला नाही. चांदीचं असो की प्लास्टिकचं, वाण महिनाभर देवापुढे राहायचं." भास्करराव उभ्या उभ्या प्रमिलाबाईंच्या पाया पडो लागले, तो त्या "अहो, हे काय, व्याही ना तुम्ही!" म्हणोन मागे सरल्या. मग राजांणी खरे ते सांगितले, गाण्याचेही सांगितले. निरंजनराव ओशाळले. म्हणाले, "बाबा, डबा आला तेव्हाच एक फोन करायचात! मी उद्या सकाळी पुसलीच असती."

तेथे तह जाहाला. सूर्यास्ताआधी कोरी डिस्क वाण म्हणोन जावयाचे हाती द्यावी, भरलेली परत न्यावी. प्रमिलाबाईंणी कलम घातले की, डबा रिकामा जाणार नाही. तळी डिस्क, वर केळीचे पान, वर बेसनाचे लाडू, ऐसा डबा फत्ते होवोन स्वगृही आला.

भास्करराव तरीही गाणे लावीनात. आधी प्रत, मग गाणे, इतके शहाणपण आता आले होते. दुसरे दिवशी, निज श्रावणाचे प्रतिपदेस सकाळी, प्रत पुरी जाहाली. लग्नाचा वाढदिवस चार महिने पुढे होता. राजांणी विचार केला की, चार महिन्यांत आणखी एक पायजमा अडकेल, आणि कालिंदीबाईंस खुर्चीवर बसवोन गाणे लाविले. निवेदिकेने कुमारी कालिंदी ऐसे नाव घेतले, आणि आवाज निघाला, एकोणीस वर्षांचा, स्वच्छ. दुसऱ्या कडव्यात मध्येच कुकरची शिट्टी जाहाली. कालिंदीबाईंचे डोळे वाहत होते. म्हणाल्या, "ही शिट्टी कोणाची?" भास्करराव म्हणाले, "आमच्या आईच्या कुकरची. वरण होतं." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं हे माझ्यापासून लपवलंत?" आणि मग, "पुन्हा लावा."

आठ वेळां लाविले. मग आरतीची वेळ जाहाली. कालिंदीबाई टाळ्या वाजवीत उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या कडव्यापासोन, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, गाऊ लागल्या. भास्कररावांची घंटा हातातच थांबली.

तात्पर्य, राज्य राहिले. प्रती तीन: एक संगणकात, एक कपाटात गाद्यांखाली, आणि एक विहीणबाईंचे देवघरी, तीस अद्याप दर गुरुवारी हळदकुंकू वाहिले जाते. टीपॉयवर आता काहीच ठेवीत नाहीत. लिहिणारास दोन लाडू मिळाले. इति.