तिसरा हात

ऑफिसात तो लोकांना धीर धरायला शिकवायचा. "हाताखालच्याचं काम हिसकावून घेऊ नका. चुकू दे, शिकू दे," हे त्याचं व्याख्यान ऐकून नवे अधिकारी माना डोलवायचे आणि चहाला निघून जायचे. घरी मात्र आपल्या दहा महिन्यांच्या लेकीसमोर, ढमीसमोर, खुळखुळा ठेवला, की अर्धं मिनिट उलटायच्या आत त्याला घाम फुटायचा.

ढमीला एका बाजूची सेरेब्रल पाल्सी होती. डावा हात रुसल्यासारखा मूठ आवळून बसायचा आणि उजवा दोघांचं काम ओढायचा. थेरपिस्टबाईंनी उपाय सांगितला होता. रोज थोडा वेळ उजव्या हातात मऊ मोजा चढवायचा, खेळणं डाव्या हाताजवळ ठेवायचं आणि वाट बघायची.

"हातात द्यायचं नाही, कोपर उचलायचं नाही," बाईंनी बजावलं. "आत्ता तो हात तिचा तिनं वापरला तर वापरला. पुढं फार जड जातं. शुक्रवारी व्हिडिओ पाठवा."

बाईंची पाठ वळली आणि घरात मदतीला ऊत आला. आजोबांनी खुळखुळा हळूच पुढं सरकवला.

"बाबा, द्यायचा नाही म्हटलंय ना!"

"दिला कुठं? नुसता जवळ केला."

तेवढ्यात आजीनं ढमीची बोटं उलगडली. "आई, हात नको लावूस!"

"लावत नाही रे, कुरवाळतेय."

"अहो, आणि मघाशी तिच्या मुठीत चमचा कुणी कोंबला?" बायकोनं विचारलं.

"ते प्रात्यक्षिक होतं," तो म्हणाला.

ढमी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. चार माणसं राबायला असताना आपण कशाला हात हलवावा? याबाबतीत ती जन्मजात अधिकारी होती.

शुक्रवार उजाडला आणि व्हिडिओचा पत्ता नव्हता. रात्र रात्र तो त्या मुठीकडे बघत जागायचा, हे खरं. पण धीरावर व्याख्यानं देणाऱ्याला नापास होणंही परवडणारं नव्हतं. त्यानं फोन बायकोच्या हाती दिला आणि स्वतः ढमीच्या मागं चादर पांघरून आडवा झाला. डावा हात अलगद वर आला आणि खुळखुळ्यावर पडला. सगळं ठाऊक असूनही आजीनं डोळे पुसले. व्हिडिओ गेला.

उत्तर आलं नाही, संध्याकाळी बाईच आल्या.

"हात छान उचललाय हो," त्या म्हणाल्या. "पण ढमी घड्याळ कधीपासून घालायला लागली?"

सगळे फोनवर वाकले. ढमीच्या कोपराखाली एक केसाळ मनगट होतं आणि त्यावर सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ चमकत होतं.

"जरा प्रोत्साहन म्हणून..." तो पुटपुटला.

"मोजे आणा," बाई म्हणाल्या. "मोठ्यांचे. जो मदत करतो, त्याला मोजा."

थोड्याच वेळात घरातली चारही मोठी माणसं दोन्ही हातांत मोजे चढवून भिंतीला टेकून बसली. आजोबांचा अंगठा भोकातून बाहेर आला, तो बाईंनी आत ढकलला. उजव्या हातात आपला मोजा घालून ढमी समोर बसली होती. आपल्यासारखीच सगळ्यांची गत झालेली पाहून ती खूश झाली.

एवढ्यात सतरंजीवर पडलेला त्याचा फोन खणखणला. ढमीच्या अगदी डाव्या हाताशी.

"साहेबांचा आहे!" तो उसळला.

"बसा," बाई म्हणाल्या.

फोन थरथरत होता, उजळत होता. त्यानं दातांनी मोजा ओढायला घेतला आणि तिथंच थांबला. ढमीची डावी मूठ उघडत होती. एकेक बोट सुटत गेलं. हात कापत उचलला गेला, वाट चुकला, परत आला आणि फोनवर पडून हिरव्या खुणेवरून घसरला.

"हॅलो!" फोन कायम स्पीकरवर असायचा, साहेबांशी आपली सलगी घराला कळावी म्हणून. "हॅलो! कोण बोलतंय?"

"माझी मुलगी, साहेब! तिनं उचलला! डाव्या हातानं!" तो ओरडला आणि मोज्यानंच डोळे पुसू लागला.

"अरे, व्हिडिओ!" आजोबांना एकदम आठवलं. पण मोजे घातलेल्या हातांनी व्हिडिओ कोण काढणार?

"मुलीनं उचलला?" साहेब खेकसले. "मग तुम्ही काय करताय?"

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "आज पहिल्यांदाच काही करत नाहीये."